बॉनेटवरचा हात

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन आठवडे जुंपली आहे. बी विंगमधल्या एकाने नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली. ती उभी असतानाही तिचे चहूबाजूंचे कॅमेरे जागे असतात. गाडीवर ओरखडा दिसला, त्याने क्लिप ग्रुपवर टाकली, आणि इस्त्रीवाल्याच्या पोराची सायकल गेटबाहेर गेली. क्लिपमध्ये सायकल गाडीला घासत नाही, नुसती जवळून जाते. पण "कॅमेऱ्यात आलाय ना?" एवढ्यावर निकाल.

मी इकडे नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून लिहिलं, अहो, येणाऱ्याजाणाऱ्याचं असं चित्रण करायचं का, हे कुणी विचारलं? लगेच उत्तर आलं : "ज्याच्या मनात चोर नाही, त्याला कसली भीती?" खाली सोळा अंगठे.

आल्बर्ट हाइन या इथल्या सुपरमार्केटच्या रांगेत उभा असतानाही ते सोळा अंगठे डोळ्यांसमोर येतात.

इथे टेस्लाच्या सेंट्री मोडवर, म्हणजे उभ्या गाडीने कॅमेऱ्यांनी पहारा देण्याच्या सोयीवर, हाच वाद झाला. गाडी कुणाच्या खिडकीसमोर लावली तर घरातलं सगळं दिसेल, हा इथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाचा मुद्दा. २०२३च्या फेब्रुवारीत चौकशी संपली तोवर कंपनीने सोय बदलली होती. कॅमेरे आपणहून चालू राहणार नाहीत, चित्रण सुरू झालं की हेडलाइट लुकलुकणार, तासाभराऐवजी दहाच मिनिटं साठवणार. आणि चुकीचं काही टिपलं तर जबाबदार गाडीचा मालक. हे सगळं मी मुद्देसूद लिहिलं. इथे घरोघरी दाराच्या बेलमध्ये कॅमेरा असतो, हे मात्र लिहिलं नाही.

"तुमचं बरंय, तिकडे गाडीला हात कोण लावतो?"

यावर काय बोलणार! आमच्याकडे उभी गाडी म्हणजे ओटा. तिच्यावर पिशवी टेकवून भाजीच्या पैशांचा हिशेब होतो, मागच्या चाकाला स्टंप मानून मॅच होते, कव्हरवर मांजर विते. लहानपणी मीही कुणाच्या तरी फियाटवर बसून चिंचा खाल्ल्या आहेत. इथे माझ्या गाडीला आठ वर्षांत कुणी टेकलेलं नाही.

मग मी कायद्यावर आलो. खासगीपणा हा मूलभूत हक्क, २०१७, सुप्रीम कोर्टाचे नऊ न्यायाधीश. ए विंगच्या वकीलकाकांनी २०२३चा डेटा कायदा काढला : माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू नाही. मी जालन्याचा खोतकरांचा निवडणूक खटला काढला. मूळ उपकरण हजर नसेल तर प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक नक्कल पुराव्यात चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये पक्कं केलं. काका म्हणाले, "अरे, पोराची सायकल अडवायला कोर्ट कशाला लागतं?"

ते मला हरवायला लिहीत होते, पण माझंच म्हणणं त्यांनी माझ्यापेक्षा नेमकं मांडलं.

त्यांना उत्तर द्यायला म्हणून ती क्लिप पुन्हा उघडली. सायकल निघून गेल्यावरही चित्रण चालू राहतं, ते आधी बघितलंच नव्हतं. डाव्या कडेला, भिंगाने जरा वाकवलेले, बाबा येतात. हातात दुधाची पिशवी. गेटपासून आमचा जिना पन्नास पावलांवर. मध्येच थांबून ते बॉनेटवर हात टेकतात, मान खाली. मग वर, आमच्या खिडकीकडे बघतात. आई बघत नाही ना, याची खात्री करून घेतात. पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि चालू लागतात.

दर रविवारी फोनवर "मी ठणठणीत" असतात.

रात्री गाडीवाल्याला वेगळा मेसेज केला : सकाळी साडेसहाच्या आणखी क्लिप आहेत का हो? तो म्हणाला, जवळ कुणी आल्याचं गाडीला जाणवलं तरच साठवते. "सेन्सिटिव्हिटी वाढवून ठेवू का दादा?"

ठेव म्हटलं. परवापासून तीन आल्या आहेत. ग्रुपवर मी काही लिहिलेलं नाही. सायकल अजून गेटबाहेरच आहे.