दीड दिवसाची मोजणी

जमीन लाटायची आहे, पण चारचौघांत नावही राखायचं आहे? मग बांध कोरण्यासारखे गावठी प्रकार आधी सोडा. आमच्या शेताशेजारच्या एका काकांनी दर नांगरटीला नांगराचं एक तास, असा वीस वर्षं बांध कोरला. हाती काय आलं? दीड गुंठा आणि कोर्टाच्या तारखा. धडे घ्यायचेच तर अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्याकडून घ्या. तिथं सगळं कसं कागदोपत्री झालेलं आहे.

पहिली अट, घराण्यात एक सज्जन माणूस हवा. पेन घराण्यात विल्यम पेन होता. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स त्याच्या दिवंगत वडिलांचं १६,००० पौंड देणं लागत होता. रोख मोजण्याऐवजी राजाने १६८१ मध्ये समुद्रापलीकडची सुमारे ४५,००० चौरस मैल जमीन त्याच्या नावे करून दिली. जमीन दुसऱ्यांचीच होती, त्यामुळे देताना हात आखडायचं काही कारण नव्हतं. पेन मात्र क्वेकर पंथाचा, शांततावादी आणि जरा चक्रमच. राजाची सनद खिशात असूनही तो तिथल्या मूळनिवासी लेनापी लोकांकडून तीच जमीन पुन्हा विकत घेत बसला. शॅकामॅक्सनला एल्मच्या झाडाखाली त्याने त्यांच्याशी मैत्रीचा करार केला म्हणतात. त्या कराराचा कागद आज सापडत नाही. कोणता कागद हरवू द्यायचा, हे कळणं ही या धंद्यातली अर्धी विद्या.

सज्जनांना एक खोड असते. ते न वाचता सही करतात. कारभारी फिलिप फोर्डने पुढे सरकवलेल्या कागदांवर पेनने अशाच सह्या केल्या आणि एक दिवस कळलं की आख्खी वसाहत फोर्डच्या नावावर चढली आहे. त्या भानगडीत १७०८ मध्ये त्याला कर्जबुडव्यांच्या तुरुंगात जावं लागलं. तेव्हा तुम्ही सज्जन होऊ नका. सज्जनाचे चिरंजीव व्हा, जसे टॉमस आणि जॉन पेन झाले.

चिरंजीवांवर कर्ज होतं आणि विकायला नवी जमीन हवी होती. त्यांनी १६८६ सालचा एक दस्त पुढे केला. म्हणजे मूळ दस्त नव्हे, नक्कल, तीही सहीशिवाय. त्यात म्हणे लेनापींच्या वाडवडिलांनी कबूल केलं होतं की माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन पेनची. सोबत एक नकाशा दाखवला, ज्यात नद्या अशा काढल्या होत्या की जमीन थोडकीच वाटावी. ऑगस्ट १७३७ मध्ये लेनापींच्या चार प्रमुखांनी मान्यता दिली. त्यांच्या हिशेबी चालणं म्हणजे चालणं. थोडं चालावं, सावलीला टेकावं, चार घास खावेत, चिलीम ओढावी, पुन्हा उठावं.

इथे तुमची तयारी दिसली पाहिजे. पेनबंधूंनी दोन वर्षं आधीच रंगीत तालीम उरकली होती. जंगलातून वाट तोडून ठेवली. मग तीन तगडे गडी निवडले आणि ५ पौंड व ५०० एकरांचं इनाम लावलं. १९ सप्टेंबर १७३७ ला राइट्सटाउनहून सूर्योदयाला मंडळी निघाली. सोबतचे लेनापी थोड्याच वेळात कुरकुरू लागले, की याला चालणं म्हणत नाहीत. सॉलोमन जेनिंग्ज पहिल्याच दिवशी गळाला. जेम्स येट्स वाटेत कोसळला आणि काही दिवसांत वारला. एडवर्ड मार्शल एकटा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला, साधारण ६५ मैल. वामनाने तीन पावलांत आटोपलं खरं, पण त्यासाठी साक्षात विष्णू असावं लागतं. इथे पगारी माणसांत भागलं.

खरी कलाकुसर तर पुढेच आहे. मार्शल थांबला तिथून डेलावेअर नदीपर्यंत रेघ ओढायची होती. तुम्ही-आम्ही जवळच्या वाटेने ओढली असती. मोजणीदारांनी ती काटकोनात वळवून ईशान्येला नेली आणि पदरात सुमारे १२ लाख एकर पडले. लेनापींनी हलायला नकार दिला, तर १७४२ मध्ये इरोक्वॉय या दुसऱ्या मूळनिवासी जमातीच्या पुढाऱ्याकरवी त्यांना भर सभेत दटावून घालवलं. स्वतः आवाज चढवायचा नसतो. राहता राहिला मार्शल. आपली ५०० एकर काही मिळाली नाही, ही त्याची तक्रार शेवटपर्यंत होती. पाय त्याचे होते, रेघ त्याची नव्हती.

जमीन पचली की चित्र काढून घ्या. टॉमस पेनने १७७१ च्या सुमारास बेंजामिन वेस्टकडून वडिलांच्या त्या एल्मखालच्या कराराचं मोठं चित्र करवून घेतलं. स्वतःच्या मोजणीचं नाही काढवलं. काय काढणार, धापा टाकणारा मार्शल?

राज्य झाल्यावरही हात साफ राहिला. १७८० मध्ये पेनसिल्वेनियाने गुलामगिरी हळूहळू संपवायचा कायदा केला, इतका हळू की आधीचे गुलाम गुलामच राहिले आणि त्यापुढे जन्मणाऱ्या त्यांच्या मुलांनी २८ वर्षं राबायचं. बाहेरून आणलेला गुलाम मात्र सहा महिने राहिला की मुक्त. फिलाडेल्फिया देशाची राजधानी असताना राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर फिरवून आणत. गुलामांना आणि लोकांना याचा पत्ता लागू नये, असंही त्यांनी सचिवाला बजावलं होतं. तरी १७९६ मध्ये यजमान जेवायला बसले असताना ओना जज ही त्यांची गुलाम घरातून निघून गेली ती परतलीच नाही. तेव्हा जेवताना दाराकडे तोंड करून बसा.

कोर्टाची भीती वाटत असेल तर ऐका. लेनापींच्या वंशजांनी, डेलावेअर नेशनने, २००४ मध्ये त्या दीड दिवसाच्या टापूतल्या फोर्क्स टाउनशिपमधल्या ३१५ एकरांवर दावा लावला. २००६ मध्ये अपिलातही ते हरले. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की फसवणूक झाली असली तरी तुमचा हक्क तेव्हाच संपला. त्या ३१५ एकरांत क्रेयोला रंगखडूंचा कारखाना होता. घरात लहान मूल असेल तर एक डबी आणून द्या, नकाशे काढू द्या. फक्त शेवटची रेघ नदीकडे नेताना ती काटकोनात न्यायची, एवढं हात धरून गिरवून घ्या.