फँटम, गेन आणि गजर

सोसायटीत शिडी कुणाकडे आहे, ड्रिल मशीन कुणाकडे आहे आणि रेकॉर्डर कुणाकडे आहे, या गोष्टी लपून राहत नाहीत. शिडी आणि ड्रिल घेऊन गेले तरी मालक घरात राहतो. रेकॉर्डरबरोबर मालकालाही जावं लागतं.

"एकादशीला आमचं भजन आहे, तुझं ते यंत्र घेऊन ये," भजनी मंडळाच्या काकू म्हणाल्या. "बटणच तर दाबायचंय."

बटण दाबायचंच असतं, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी रेकॉर्डरच्या आठही चॅनेलची, म्हणजे आवाज आत यायच्या आठ वाटांची, वेगवेगळी उलटतपासणी घ्यावी लागते. तुझ्यात माईक आहे की लाइन, म्हणजे उपकरणातून थेट आलेली वायर? फँटम, म्हणजे माईकपुरती वीज, हवं का? खालचा घुमारा कापायचा का? गेन किती, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा? एकटा आहेस की शेजाऱ्याबरोबर स्टिरिओ जोडी? आणि मुख्य म्हणजे, तुझा ट्रॅक लाल केलाय का? कारण तो लाल केला नाही तर सगळं कानाला छान ऐकू येतं आणि कार्डावर काहीही उतरत नाही. हे सगळं आगपेटीएवढ्या पडद्यावर, चष्मा कपाळावर चढवून करायचं.

मी वाटणी केली. एकवर मुख्य गायिका, दोनवर मागच्या काकू, तीन-चार तबला-डग्गा, पाचवर पेटी, सहावर टाळ, सातवर इलेक्ट्रॉनिक तानपुरा, आठवर एकूण हॉल. वायरींवर चिकटपट्ट्या लावून नंबर टाकले आणि तिथेच घोटाळा झाला.

"मी दोन नंबरवर का?" मागच्या काकूंनी विचारलं.

"काकू, नंबराला काही अर्थ नसतो. सगळे चॅनेल सारखेच."

"मग एक दे की."

दिला. मुख्य गायिकेला आठ दिला, आकडा मोठा म्हणून त्याही खूश. हॉल दोनवर आला. तेवढ्यात मी "हॉलच्या माईकला फँटम, ४८ व्होल्ट" असं पुटपुटलो आणि पुढच्या रांगेतले सगळे हात एकदम मांडीवर गेले. मी समजावलं, की कंडेन्सर माईकला जगायला वीज लागते आणि ती त्याच्याच वायरीतून उलटी पाठवतात, तुमच्या हातातल्या डायनॅमिक माईकला ती लागतच नाही. कुणी ऐकेना. शेवटी वीज मंडळातून निवृत्त झालेले काका सोफ्यावरून म्हणाले, "आम्ही अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या लायनीखाली डबे खाल्लेत." हात परत माईकवर आले. सगळं तंत्रज्ञान शेवटी अशा काकांच्या भरवशावर चालतं.

तानपुऱ्याच्या वायरीला एका टोकाला ईपी म्हणजे बारीक पिन, दुसऱ्या टोकाला पी-३८ म्हणजे जाड पिन. ती सातमध्ये खुपसली आणि मीटर थेट लाल. माईकचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये कुजबुजतो, तानपुरा मात्र लाइनच्या पातळीवर बोलतो. मेनूत जाऊन माईकचं लाइन केलं. मग खालून बारीक घूंऽऽ. भिंतीतल्या ५० हर्ट्झचं भजन वेगळंच चालू होतं. रेकॉर्डरचा अडॅप्टर काढून सेलवर टाकला, घूं गेली. आता फँटम ते सेल खाणार, म्हणजे भैरवी होईपर्यंत माझा जीव बॅटरीच्या चिन्हात.

पेटीवाल्या काकांना माईक वरून नको होता, वहीवर सावली पडते म्हणून. भात्याच्या बाजूने लावला तर फडफड येते. वही सरकवायला ते तयार नव्हते, मीच दिवा सरकवला.

खरी परीक्षा गेनची. "काकू, जरा गाऊन दाखवा." काकूंनी पदर सावरला, आजूबाजूला पाहिलं आणि एक ओळ अशी गायली, जणू शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय.

"एवढं हळू नको, नेहमी गाता तसं."

"नेहमी असंच गाते मी."

मग गेन वाढवत नेला, उणे बारा डेसिबलच्या आसपास मीटर नाचायला लागला. वर पुरेशी जागा आहे असं मला वाटलं. स्वयंपाकघरात उपवासाच्या बटाट्यांची शिट्टी झाली, तीही उणे वीसला सुरेख उतरली.

पहिला अभंग ठीक गेला. गजर सुरू झाला आणि काकूंना कंठ फुटला. दुगुण झाली, टाळ उठले, पाठोपाठ सगळ्या उठल्या. डिजिटलमध्ये शून्याच्या वर मजला नाही. आवाज तिथे गेला की त्याचं डोकं सपाट कापलं जातं. मी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढला. फेडर ओढल्यावर हेडफोनमध्ये आवाज कमी होतो आणि जिवाला बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग. माझ्या यंत्रात ट्रॅक फेडरच्या आधीच उतरतो, तिथे फाटायचं ते फाटतच असतं. गेन कमी करावा तर मधेच आवाज बसलेला कळणार. शून्याच्या वरचा आवाजही न कापता साठवणारी ३२ बिट फ्लोटची नवी यंत्रं असल्या गजराला म्हणे भीत नाहीत. माझं २४ बिटचं. मी गेन चोरपावलांनी, टाळांच्या आड खाली आणला.

घरी मिक्स करायला बसलो आणि कळलं, की आठ चॅनेल ही यंत्राची समजूत आहे. टाळ आठपैकी सात चॅनेलवर होते. पेटीवर टाळ, तबल्यावर टाळ, मुख्य गायिकेच्या श्वासामागे टाळ. फक्त तानपुरा काय तो वायरीतून आल्यामुळे वाचला. शेवटी सहा नंबर, म्हणजे टाळांचा स्वतःचा माईक, अख्खा म्यूट केला, तेव्हा कुठे बाकीची मंडळी ऐकू आली.

फाइल पाठवली. रात्री फोन सुरू झाले. मागच्या काकूंना पेटी जास्त वाटली, पेटीवाल्या काकांना मागच्या काकू. शेवटचा फोन टाळवाल्या मावशींचा.

"बाकीच्यांचं जाऊ दे रे, पण टाळ काय स्वच्छ आलेत! स्वतंत्र माईक दिलास ना, त्याने फरक पडतो."