ताप? नाही. खोकला? नाही. जुलाब? नाही. करा सही!

आम्ही रुग्णांची देखभाल करणारी माणसं, आणि रोज शिफ्टला शिरताना दारात हेच नाटक. तिन्ही चौकटींत 'नाही', खाली सही, चला आत. वही भरली की साहेब खूश, कारण तपासणीला कुणी आलंच तर वहीच पुढे करायची असते. अहो, पण 'हो' लिहिणाऱ्याचं काय होतं? लगेच घरी, तो दिवस बिनपगारी, वर बदली माणूसही त्यानेच शोधायचा! जिचं घर रोजच्या हजेरीवर चालतं ती मावशी लिहील 'हो'? तुम्ही लिहाल? मीटिंगमध्ये मी हेच विचारलं. आजारी म्हणून परत पाठवता, तर त्या दिवसाचा पगार द्याल का? उत्तर आलं, 'बघू.' आणि फॉर्ममध्ये आणखी चार प्रश्न वाढले!

कपाळावर रोखतात ती ताप मोजायची बंदूक तर निव्वळ करमणूक. पॅरासिटामॉल घेऊन आलेल्याचा ताप तिला दिसत नाही, आणि फ्लू तर लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच पसरायला लागतो. परवा आमच्यातली एक जण रात्रभर उलट्या काढून आली. चेहरा पांढराफटक, पाण्याची बाटली धरवत नव्हती. बंदुकीत ९७.८. जा आत! गेली, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना पेज भरवायला बसली. नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबाचा झपाट्याने पसरणारा विषाणू, असेल तर उलट्या-जुलाब थांबल्यावरही किमान ४८ तास कामावर येऊ नये, हा साधा नियम. सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही, साबण-पाणीच लागतं. पण भिंतीवर बाटली लटकवली की यांचं काम झालं. मोठे डॉक्टर खोकत खोकत आले तर वही आपोआप मिटते, ते वेगळंच.

टीबीचा संसर्ग आहे का ते बघायला टोचतात त्या सुईचं तर विचारूच नका. हातावर टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत कुणीतरी ती गाठ मोजावी लागते. आमच्याकडे टोचतात कधी? गुरुवारी! म्हणजे मोजायची शनिवार-रविवारी, नेमकी खोलीला कुलूप असताना. सोमवारी गेलात की 'उशीर झाला, परत टोचा'. बीसीजी घेतलेल्यांना नुसत्या त्या लशीमुळेही गाठ येऊ शकते, मग एक्स-रेसाठी पळा. टीबीसाठीच्याच रक्ताच्या इग्रा चाचणीला एकच खेप पुरते आणि बीसीजीमुळे ती फसत नाही. पण ती महाग, आमचे हेलपाटे फुकट! अमेरिकेत सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०१९ मध्येच सांगितलं की आरोग्य कर्मचाऱ्यांची सुरुवातीची तपासणी झाली, पुढे रुग्णाशी संपर्क किंवा संसर्ग पसरत असल्याची शंका नसेल, तर दरवर्षी सरसकट चाचणी नको. आमच्याकडे मात्र दरवर्षी टोचा, आणि दुसरीकडे अर्धवेळ काम धरलं तर तिथे पुन्हा पहिल्यापासून.

आणि नवा माणूस कामावर घेताना, जिथे खरंच खोदून विचारायला हवं, तिथे सगळे गप्प. जर्मनीतला नर्स नील्स होगेल. ओल्डनबुर्गच्या हॉस्पिटलात सहकाऱ्यांना संशय आला होता, तरी हातात चांगला दाखला देऊन त्याला वाटेला लावलं. तो डेल्मेनहोर्स्टला गेला, तिथेही रुग्ण मारत राहिला. २०१९ मध्ये कोर्टाने त्याला ८५ खुनांसाठी दोषी ठरवलं. एवढं होऊनही आमच्याकडे आधीच्या ठिकाणी साधा फोन करून कुणी विचारत नाही. दाखल्यावर शिक्का दिसला की फाइल बंद, आणि त्याच दुपारी नवा माणूस एकटा रात्रपाळीला लावलेला.