पाचर मारायची तर अशी मारा

पाचर मारणं हे येरागबाळ्याचं काम नाही. एक सुताराला जमतं आणि दुसरं आमच्या अपार्टमेंटमधल्या पहिल्या मजल्यावरच्या काकांना. तुम्हालाही शिकायचं असेल तर जरा बसा. बेडरूममधली बादली मोरीत ओतून आलोच.

हं. आधी लाकडाची पाचर बघू. दिवाळीत काकांनी आकाशकंदिलाला खिळा मारायला माझा हातोडा नेला. परत आला तेव्हा त्याचं डोकं डुगडुगत होतं आणि दांड्याच्या टोकाला लाइट बिलाची घडी कोंबलेली होती. आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या सुतारानं ती उपसून माझ्या हातावर ठेवली. "कागदाची पाचर कुणी मारली ओ ही?" मग त्यानं दांड्याच्या टोकाला करवतीनं चीर पाडली, बाभळीची सुकी ढलपी घेतली, वाकसानं तासून एका बाजूला निमुळती केली, चिरेत धरली आणि चार ठोके घातले. वर उरलेलं टोक कापून टाकलं. दांडा आतल्या आत फाकला, डोकं घट्ट. हीच ढलपी ओंडक्याच्या फटीत ठोकली असती तर ओंडका उभा चिरला असता. म्हणजे पाचर घट्टही करते आणि फोडतेही, कुठं मारता त्यावर आहे. काकांनी यातला अर्धाच अभ्यासक्रम पुरा केलाय.

आता तुमचा धडा. पाचर नेहमी बारीक टोकाकडून घालावी. सहा इंच लांब आणि जाड बाजूला एक इंच अशी पाचर, घर्षण हिशेबात धरलं नाही तर, तुमच्या ठोक्याचा जोर सहापट करते. सोसायटीच्या बैठकीतलं बारीक टोक म्हणजे "माझं काय म्हणणं न्हाई, पण…". हा 'पण' फार तर एक सूत जाडीचा असतो, कुणाला टोचतसुद्धा नाही. तो आत गेला की त्याच्यामागनं तीन कोटेशन येतात, मग मागच्या पाच वर्षांचा हिशेब येतो आणि शेवटी "बिल्डरला नोटीस काढूया की" येतं. बिल्डर कुठं असतो हे कुणालाच ठाऊक नसतं.

फट नसेल तर चहा येईपर्यंत थांबावं. पडते.

पाथरवटाकडून पुढची गोष्ट शिका. एवढा काळा दगड, पण तो एकाच जागी घण घालत बसत नाही. सरळ रेषेत भोकं पाडतो, प्रत्येकात लोखंडी पाचर बसवतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकीवर थोडं थोडं ठोकत जातो. शेवटी दगड आपसूक उकलतो. आमच्याकडं 12 फ्लॅट. पाडव्याच्या बैठकीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला 12 जणांनी हात वर केले, माणशी 15 हजार ठरले, पेढेसुद्धा वाटले. पेढे मीच आणले होते, कारण गळतं माझ्याकडं. दुसऱ्या दिवसापासून काका एकेका दारात. तळमजल्यावर म्हणाले, "तुमच्यात कुठं गळतंय?" दुसऱ्या मजल्यावर म्हणाले, "ठेकेदार त्यांच्या वळखीचा हाय म्हणं." भाडेकरूंना म्हणाले, "मालक देतोय का बघा आधी." आणि मला जिन्यात गाठून काय म्हणाले असतील? "मी तुमच्याच बाजूनं हाय, पण लोकं ऐकंनात." एप्रिल गेला, मे गेला. मेमध्ये तीन कोटेशन आली. तिन्हींत दर वेगळे, म्हणून चौथं मागवलं. चौथा येऊन गच्ची बघून गेला आणि म्हणाला, "आता पावसात कोबा हुतोय व्हय?" आज राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा कुठवर आली हे सगळं गाव मोबाइलवर बघतंय. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. माझ्या बादलीला इशारा पातळीच नाही. ती रात्री दोनला थेट गादीवर येते.



उद्यमनगरातल्या कारखान्यांत ड्रिल मशीनच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे ड्रिल धरणाऱ्या नळीत, अडकलेला ड्रिल सोडवायला एक चपटी निमुळती पट्टी ठोकतात. तिला ड्रिफ्ट म्हणतात. तीही पाचरच, पण काम अडवायची नाही, सोडवायची. हा प्रकार काकांना दाखवू नये, उगाच गोंधळतील.

पाचर पार वरपर्यंत न्यायची हौस असेल तर तीही सोय झाली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच गावातच बसतंय. वकिलांनी कैक वर्षं आंदोलन केलं ते तुमच्या गच्चीच्या वादासाठीच असं समजा. मुंबईचं भाडं वाचलं, तेवढ्यात आणखी एक कोटेशन येईल.

आणि कुणी मारलेली पाचर उपटायला मात्र जाऊ नका. लहानपणीचं माकड आठवतंय ना, अर्ध्या चिरलेल्या ओंडक्यावर बसून पाचर हलवणारं? परवा मी त्याच्यासारखाच काकांच्या दारात गेलो. म्हटलं, बसून मिटवूया. त्यांनी चहा पाजला आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, "गच्चीचं ते स्वतः करून घेतो म्हणाले." शेपूट अजून फटीतच आहे.

अहो काका, पुरे आता. 15 हजार द्यायचे नसतील तर तोंडावर सांगा की, "देत नाही." एवढं एक वाक्य बोलायला चार महिने लागतात? गच्ची काय माझ्या आजोबांची आहे? ती सगळ्यांची आहे आणि तिची दुरुस्ती सोसायटीनं करायची असते, हे उपविधीतच आहे. तुम्हीच एकदा सेक्रेटरी होता, वाचले नसतील तर तेही सांगा. तुमचे पापड, तुमच्या मिरच्या, तुमच्या नातवाचा वाढदिवस, सगळं त्याच गच्चीवर होतं ना? तेव्हा कधी "आमच्यात कुठं" म्हणालात? माझ्या आईला हॉलमध्ये झोपवलंय मी. 78 वर्षांची बाई रात्री उठून पातेली बदलते आणि तुम्ही खाली बसून पाचवं कोटेशन मागवताय. लाज वाटू द्या जरा. आणि ते लाइट बिल माझ्याकडंच आहे, गेल्या सप्टेंबरचं. भरायचं राहिलंय का बघा.