रंग न लावलेली स्लाइड

दोन वर्षांचा उंदीर म्हणजे उंदरांतले आजोबाच. नवी मुंबईतल्या आमच्या लॅबमध्ये अशा आजोबांच्या मेंदूचे पातळ काप घेऊन त्यात एक ठरावीक प्रथिन कुठे आहे ते शोधायचं काम माझ्याकडे आहे. कागदावर हे काम सरळ दिसतं. प्रथिन ओळखणारी एक अँटीबॉडी लावायची, तिला पकडणारी चमकता रंग बसवलेली दुसरी लावायची, वरून निळा उजेड पाडायचा. जिथून हिरवा उजेड परत आला, तिथे प्रथिन. पण म्हातारी माणसं जशी कोणी विचारायची वाट बघत नाहीत, तसेच हे मेंदूही. अँटीबॉडीची बाटली अजून फ्रीजमध्येच असते आणि हे आपले चमकायला लागलेले!

मुख्य आरोपी लिपोफ्युसिन. पेशीला पचवता न आलेला कचरा पिवळट-तपकिरी कणांच्या रूपात साठत जातो. मेंदूतल्या चेतापेशी विभागत नाहीत, त्यामुळे हा कचरा वाटून टाकायचीही सोय नाही. वय वाढेल तसा ढीग वाढतो. शिवाय हा कण निळ्यात, हिरव्यात, लालात, सगळ्याच चॅनेलमध्ये हजेरी लावतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं कोलॅजन आणि इलॅस्टिन वेगळं चमकतं, पेशीतली फ्लेविन नावाची रसायनं वेगळी, आणि उंदराचं रक्त सलाइनने नीट धुऊन काढलं नसेल तर तांबड्या पेशीही मिरवून घेतात. यात भर आपलीच. टिश्यू टिकावा म्हणून फॉर्मलिन घालायचं, तर त्याचीही प्रथिनांशी अशी सोयरीक जमते की त्यातून नवा उजेड निघतो. त्याच कामाचं दुसरं रसायन ग्लुटारल्डिहाइड, ते या बाबतीत फॉर्मलिनच्याही वरचढ.

हे सगळं सांगते एकच स्लाइड. तिच्यावर अँटीबॉडी नाही, रंग नाही, बाकी सगळे सोपस्कार मात्र तेच. ही स्लाइड कोणालाच नको असते. मायक्रोस्कोपचा तास मोजून मिळतो, त्यातली दहा मिनिटं कोऱ्या स्लाइडवर घालवली की लोक हळहळतात. आमच्या मॅडम हिरवंगार चित्र बघून "अगं, काय सुरेख सिग्नल आलाय!" म्हणाल्या की मी शेजारी कोरी स्लाइड लावते. तीही तितकीच हिरवीगार असते. मग मॅडम काही न बोलता चहाला जातात. माझं मत स्पष्ट आहे: ज्या फोटोशेजारी असा कोरा फोटो नाही, तो भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी उत्तम.

तर मग हा उजेड मारायचा कसा? सोडियम बोरोहायड्राइडने सुरुवात केली. ते अल्डिहाइडचा, म्हणजे फॉर्मलिनच्या जातकुळीचा, बंदोबस्त करतं म्हणतात. करतही असेल, पण पाण्यात पडताच त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि सेक्शन त्या बुडबुड्यांवर स्वार होऊन स्लाइड सोडून निघतात. मेंदूचा अख्खा काप बीकरमध्ये तरंगताना बघणं काही सुखाचं नाही.

पुढचा उपाय कॉपर सल्फेट, आम्लधर्मी बफरमध्ये. निळं पाणी बघून आमचे लॅबमधले मामा खुलले. मामा मूळचे तासगावकडचे. "ताई, हे तर मोरचूद! आमच्याकडं चुन्यात कालवून द्राक्षावर मारत्यात. डाऊनी रोग आलाय काय उंदराला?" मोरचुदाने लिपोफ्युसिन बरंच दबलं, पण सोबत आमचा खरा सिग्नलही थोडा मंदावला.

मग ठरलं, उजेडानेच उजेड मारायचा. अँटीबॉडी लावायच्या आधी सेक्शन रात्रभर प्रखर एलईडीखाली ठेवले की मूळची चमक बरीचशी विझते. कोल्ड रूममध्ये दिवा लावला, वर चिठ्ठी चिकटवली: 'प्रयोग चालू आहे. दिवा बंद करू नये.' सकाळी येऊन बघते तर दिवा बंद. रात्रपाळीच्या वॉचमन काकांना गाठलं.

"काका, चिठ्ठी वाचली नाही का?"

"वाचली ना मॅडम. दिवा होता म्हणून तर वाचता आली. वाचून झाल्यावर बंद केला. वीज वाचवायचं सर्क्युलर आहे."

राहता राहिला सुदान ब्लॅक. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये विरघळवलेला हा काळाकुट्ट रंग स्निग्ध लिपोफ्युसिनला चिकटतो आणि त्याचा उजेड झाकून टाकतो. नीट गाळला नाही तर सेक्शनभर काळे ठिपके. लावायचा अँटीबॉडीच्या नंतर, आणि एकदा लावला की डिटर्जंट नाही, अल्कोहोल नाही, कारण त्यांनी तो निघून जातो. सेक्शनवरून निघतो, बरं का. बोटांवरून नाही. ग्लोव्ह्ज फाटल्याचं कळेपर्यंत नखांच्या कडा काळ्या झालेल्या असतात. ठाण्याला परतताना ट्रान्स-हार्बरच्या लेडीज डब्यात समोरच्या काकू रबाळेपासून माझ्या हातांकडे बघत होत्या. ऐरोली गेल्यावर त्यांना राहवेना. "कुठली डाय वापरतेस गं? पक्की दिसतेय. माझी दोन धुण्यांत जाते."

शेवटी रंगच बदलला. दुसऱ्या अँटीबॉडीवर आता ६४७ नॅनोमीटरच्या लाल उजेडाने पेटणारा फार-रेड रंग आहे. त्या पट्ट्यात टिश्यूची स्वतःची बडबड बरीच कमी असते. सुदान ब्लॅकचा हात मात्र आखडता घ्यावा लागला, कारण नेमका त्याच पट्ट्यात तो स्वतः चमकतो. आता या फार-रेड रंगाचा उजेड माणसाच्या डोळ्याला जवळपास दिसतच नाही. मॅडमनी आयपीसला डोळा लावला आणि दचकल्या. "अगं, सगळा अंधार आहे!" मी कॅमेरा चालू केला. स्क्रीनवर एकेक चेतापेशी रेखून काढल्यासारखी, आणि कोरी स्लाइड खरोखरच काळी. कॅमेरा चित्र काळंपांढरं देतो, रंग आपण सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. मी किरमिजी भरला होता.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मस्त आलंय. फक्त हा गुलाबी रंग काढ आणि हिरवा दे ना. पोस्टरवर हिरवा खुलतो."