नेटचा काय संबंध?
चालण्याचा रूट फोनवर नोंदवणाऱ्या अ‍ॅपबद्दलच्या या लेखात बाकी सगळं ठीक आहे पण 'रूट मध्येच तुटला तर समजा नेट गेलं होतं' हे वाचून राहवलं नाही. अहो जीपीएसला नेट लागतच नाही, फोन सिग्नल थेट सॅटेलाइटकडून घेतो, नेट लागतं ते खालचा नकाशा दिसायला आणि सुरुवातीला लोकेशन जरा पटकन सापडायला, बस. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारला राहते, रोज सकाळी सुरसागर तलावाला फेऱ्या मारते, एक दिवस घरी येऊन बघते तर अ‍ॅपमधली रेघ या काठावरून त्या काठावर, सरळ पाण्यातून!! मुलगा म्हणाला आई, तलावाच्या मधोमध उभ्या १११ फुटी महादेवाला भेटून आलीस की काय. डेटा तर पूर्ण वेळ चालू होता. भानगड निघाली बॅटरी सेव्हरची, स्क्रीन बंद झाली की तो अ‍ॅपला झोपवत होता आणि जागं झालं की अ‍ॅप झोपण्याआधीचा आणि नंतरचा पॉइंट सरळ रेघेने जोडून मोकळं, म्हणजे आपण चाललेलं अंतर पण बुडालं. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपपुरती बॅटरीची बंदी काढली, तेव्हापासून मी काठावरूनच चालते :)

जुन्या शहरातल्या मांडवीच्या पोळांमधून, म्हणजे अरुंद गल्ल्यांमधून गेलं की मात्र उलटं, दोन्हीकडे घरं चिकटून, सिग्नल भिंतींवर आपटून येतो, रेघ दारू प्यायल्यासारखी वाकडीतिकडी आणि अंतर फुकटचं वाढलेलं. ते कोणी तक्रार करत नाही म्हणा.