‘आवाज वाढला, ताकद नाही’ : आपल्या तक्रारीला आमचे उत्तर

महोदय,

आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय आम्ही वाचला आणि मग आपल्या गाडीचे जॉब कार्ड व स्कॅनरमधील नोंदी समोर ठेवून तो पुन्हा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : १.५ लिटरच्या पेट्रोल गाडीला आमच्याकडून कोल्ड एअर इनटेक (इंजिनला बाहेरची थंड हवा मोकळेपणाने मिळावी म्हणून बदललेला पाइप आणि फिल्टर) बसवून घेतल्यावर आवाज तेवढा वाढला, पिकअप उलट मंदावला. तीन आठवड्यांत चेक इंजिनचा दिवा लागला, आम्ही तो घालवला, पण चार दिवसांनी तो परत आला. अ‍ॅव्हरेज १६ वरून १४ वर घसरले. गाडीचा एक मूळ भाग आम्ही ठेवून घेतला. आणि हे सगळे किट म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. फसवणूक हा शब्द आम्हाला मान्य नाही. त्याच्या आधीच्या बहुतेक वाक्यांत मात्र तथ्य आहे, म्हणून उत्तराला तिथूनच सुरुवात करतो.

आमची सर्वांत मोठी चूक दिव्याच्या बाबतीत झाली. आपण गाडी आणली तेव्हा पी ०१७१ हा कोड आला होता, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडत होते. आमच्या तंत्रज्ञाने कारण न शोधता कोड पुसला आणि गाडी आपल्या ताब्यात दिली. कोड पुसल्याने दिवा विझतो, बिघाड जागच्या जागी राहतो. हे आमच्याकडे शिकाऊ मुलालाही पहिल्या आठवड्यात सांगितले जाते, आणि तरीही तसे घडले. सुदैवाने पुसण्याआधी गाडी फिरवून घेतलेल्या नोंदी स्कॅनरमध्ये शिल्लक होत्या. त्या तेव्हाच नीट वाचल्या असत्या, तर आपल्याला हा अभिप्राय लिहावा लागला नसता.

त्या नोंदींमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) स्वतःच्या हिशोबापेक्षा किती जास्त किंवा कमी इंधन द्यावे लागते याचा आकडा, आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक ३ टक्के, २५०० आरपीएमला अधिक १४ टक्के आणि चढावर भार आल्यावर अधिक २२ टक्के असा चढत गेलेला दिसतो. एखादा होज सैल राहून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे चोरवाटेने हवा शिरत असती, तर चित्र नेमके उलटे दिसले असते. कारण आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा घेते, त्यामुळे चोरट्या हवेचा वाटा तेव्हा सर्वांत मोठा असतो आणि आरपीएम वाढतील तसा तो घटतो. इथे तूट हवेच्या प्रवाहाबरोबर वाढते आहे, याचा अर्थ मास एअर फ्लो सेन्सर जास्त प्रवाह असताना हवा कमी मोजतो आहे. असे होण्याची मुख्य कारणे दोन. पहिले म्हणजे पाइपचा व्यास. सेन्सर ज्या भागात बसतो तो मूळचा ७० मिलिमीटरचा असेल आणि किटमध्ये ७६ मिलिमीटरचा आला, तर क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, तेवढीच हवा सुमारे १५ टक्के संथ वाहते आणि सेन्सर ती तितकी कमी धरतो. आपल्या किटमधील तो भाग ७० मिलिमीटरचाच आहे, हे आम्ही त्याच किटच्या दुसऱ्या नगावर मोजून पाहिले. शिवाय व्यासाची गडबड असती तर दिवा पहिल्या काही दिवसांतच लागला असता, तीन आठवडे थांबला नसता.

उरते ते दुसरे कारण, फिल्टरचे तेल. किटमधल्या कापडी जाळीच्या फिल्टरला धूळ धरण्यासाठी तेलाचा हलका हात द्यावा लागतो आणि ते तंतूंमध्ये मुरेपर्यंत फिल्टर बाजूला ठेवावा लागतो. जास्तीचे तेल हवेबरोबर ओढले जाऊन सेन्सरच्या तापलेल्या पातळ पट्टीवर बसते, त्यावर धूळ चिकटते, पट्टीभोवती जणू गोधडी तयार होते आणि हवेने ती जितकी थंड व्हायला हवी तितकी होत नाही. सेन्सर हवा ओळखतो ती या थंड होण्यावरूनच. आपला फिल्टर आमच्याच जागेत तेल लावून लगेच बसवला गेला, अशी वेळेची नोंद जॉब कार्डवर आहे. तेव्हा ही जबाबदारी आपली नाही, किटची नाही, आमची आहे. पिकअप मंदावल्याचा आपला अनुभवही याच कारणातून आलेला असणार. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून हवेची झडप उघडल्यावर, बहुतेक गाड्यांचा ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरने सुचवलेल्या फेरफाराची वाट पाहत नाही, मोजलेल्या हवेवरून इंधन ठरवतो. हवा कमी मोजली गेली की मिश्रण पातळ होते, इंजिन नॉक करू लागते (इंधन अवेळी पेटून ठकठकते) आणि ईसीयू ठिणगी उशिरा टाकून स्वतःचा बचाव करतो.

आता त्याहून अवघड कबुली. सेन्सर स्वच्छ असता तरी आपल्या वापरात आपल्याला फरक जाणवला असता का? आमचे प्रामाणिक मत आहे की जाणवला नसता, आणि हे आम्ही काम घेण्यापूर्वी सांगायला हवे होते. १.५ लिटरचे फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरते; म्हणजे ६००० आरपीएमला ते मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे ४५०० लिटर हवा घेईल, २००० आरपीएमला १५०० लिटर, आणि तेही थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर. शहरात थ्रॉटलची झडप बहुतांश मिटलेलीच असते. हवेच्या वाटेतला खरा अडथळा ती झडप असते आणि तो चालकाने स्वतःच्या पायाने ठेवलेला असतो. अशा वेळी मागचा फिल्टर कितीही मोकळा केला, तरी त्याच वेगासाठी पाय केसभर कमी दाबला जातो, एवढाच फरक. आपल्या जॉब कार्डवर ‘रोज शहरात’ असे लिहिलेले आहे. ते लिहून घेणाऱ्याने तिथेच थांबायला हवे होते.

‘८ टक्क्यांपर्यंत ताकदवाढ’ हा आकडा आमच्या जाहिरातीत होता, तोही आम्ही काढला आहे. तो उत्पादकाचा होता आणि बॉनेट उघडे ठेवून, समोर मोठा पंखा लावून घेतलेल्या डायनो (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारे यंत्र) चाचणीचा होता. रस्त्यावर बॉनेट बंद असते. हवा २७ अंशांवरून ५७ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, म्हणजे जाहिरातीतली सगळी कमाई तापलेल्या बॉनेटखालीच विरून जाऊ शकते. एसएई जे १३४९ सारखे इंजिनाची ताकद मोजण्याचे प्रमाण डायनोचा आकडा २५ अंश आणि ९९ किलोपास्कलच्या पायावर आणून देते, पण चाचणीच्या खोलीत नसलेली उष्णता त्यात कुठून येणार? त्यातून आजकालच्या बहुतेक गाड्यांचा मूळ एअर बॉक्स (फिल्टरची पेटी) पुढच्या जाळीमागची थंड हवाच घेतो. ‘कोल्ड एअर’ कारखान्यातूनच मिळालेली असते. असाच मूळ एअर बॉक्स असलेल्या दुसऱ्या एका गाडीवर आम्ही फिल्टरच्या पुढे गेज लावून पाहिले, तेव्हा पूर्ण थ्रॉटल आणि वरच्या आरपीएमला अडथळा जेमतेम २ किलोपास्कल भरला. वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. तो अडथळा संपूर्ण नाहीसा झाला तरी हाती लागतात अदमासे २ टक्के, आणि डायनोवर एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन रनमध्येही जवळजवळ तेवढा फरक पडू शकतो.

अ‍ॅव्हरेजबाबत मात्र आमचे मत थोडे वेगळे आहे. आपण लिहिले आहे की ‘जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, म्हणून अ‍ॅव्हरेज पडले’. सामान्य वेगात ईसीयू हवा आणि पेट्रोलचे मिश्रण वजनाने १४.७ ला १ च्या आसपास राखतो. हवा वाढली असे वाटले तरी चालक तितकाच थ्रॉटल मिटवतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली कोंडलेल्या फिल्टरची चाचणी घेतली, तेव्हा आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत अ‍ॅव्हरेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही, वेग पकडण्यावर दिसला. आपल्या गाडीची घट खराब झालेल्या सेन्सरमुळे आणि काही अंशी त्या नव्या आवाजामुळे असावी. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तो आवाज ऐकला की पाय आपोआप खाली जातो, आमचाही जातो, आणि हे किट विकले जाते त्यात निम्मा वाटा त्या आवाजाचाच असतो हे कोणताही विक्रेता खासगीत मान्य करील.

आपला जो ‘मूळ भाग’ राहिला तो रेझोनेटर आहे, पाइपच्या बाजूला असणारी प्लास्टिकची पोकळ पेटी. रिकामी दिसते म्हणून पुष्कळ जण ती टाकून देतात. प्रत्यक्षात ती विशिष्ट कंपनांचा आवाज गिळते आणि काही इंजिनांत मधल्या आरपीएमच्या टॉर्कचा विचार करून तिचा आकार ठरवलेला असतो. आपली पेटी एअर बॉक्ससह आपल्या गाडीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून आमच्याकडे सुरक्षित आहे. ती त्याच दिवशी हाती देऊन आपली सही घ्यायला हवी होती.

एवढे सगळे मान्य करूनही, हे किट कोणाच्याच कामाचे नाही हे म्हणणे आम्हाला पटत नाही. टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) वाढवून मॅपिंग (ईसीयूमधले इंधन-ठिणगीचे हिशोब) बदललेले किंवा कॅम (झडपा उघडणारा दांडा) आणि एक्झॉस्ट बदलून वरच्या आरपीएमसाठी बांधलेले इंजिन कारखान्याने गृहीत धरले होते त्याहून खूप जास्त हवा मागते, आणि तिथे मूळ एअर बॉक्स खरोखर अपुरा पडतो. अशा गाड्यांना आम्ही इनटेक बसवत राहू, फक्त आधी आणि नंतर, बॉनेट बंद ठेवून मोजून.

आपल्यासाठी आम्ही ठरवले आहे ते असे. गाडी आणल्यावर मूळ एअर बॉक्स, रेझोनेटर आणि नवा कागदी फिल्टर आम्ही बसवून देऊ, सेन्सर त्याच्यासाठीच्या क्लीनरने धुऊ, आणि गाडी फिरवून ट्रिमचे आकडे आपल्यासमोर वाचू. सेन्सर धुऊनही आकडे जागेवर आले नाहीत तर तो आमच्या खर्चाने बदलू. किटची आणि मजुरीची पूर्ण रक्कम परत मिळेल. त्यासाठी अभिप्राय बदलावा किंवा काढावा अशी अट नाही.

तोवर दोन गोष्टी सांभाळाव्यात. सेन्सर घरी कापसाने किंवा कार्बोरेटर क्लीनरने पुसू नये, पट्टी फार नाजूक असते. आणि सध्याचा फिल्टर बंपरच्या मागे खाली बसलेला असल्यामुळे पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घालू नये. पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ती दुरुस्ती फिल्टर बदलण्याइतकी सोपी नसते.

आपला,
गॅरेजचा मालक